गाडीला गिऱ्हाईक

गाडी विकायचं वहिनीने ठरवलं, आणि ठरवलं तेही कुणाला न विचारता. बुधवारी सकाळी चहा गाळता गाळता तिने सांगून टाकलं, "अकरा वाजता गिऱ्हाईक येतंय. जनावरांची डॉक्टर आहे, डोंगरातल्या वस्त्यांवर फिरते. गाडी जरा पुसून ठेवायला हवी."

धाकट्याच्या हातातला कप तोंडापर्यंत गेलाच नाही.

दादाला जाऊन अकरा महिने झाले होते. तेवढे सगळे दिवस गाडी अंगणाच्या कडेला ताडपत्रीखाली उभी होती, आणि धाकट्याने त्या ताडपत्रीची गाठसुद्धा सोडली नव्हती. जगाच्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस, पण घरच्या गाडीजवळून जाताना मान दुसरीकडे वळवायचा. लोक म्हणायचे, भावावर जीव होता हो त्याचा. 

"कुणाला विचारून विकतेस?" आईने विचारलं. आवाज चढवला नव्हता. तिला चढवावा लागत नसे.

"कागद माझ्या नावावर झालेत, आई."

"कागद झाले म्हणून गाडी तुझी झाली? ह्यांनी हाडाची काडं करून उभी केली ती."

तेही खरंच होतं. वडिलांनी खाणीच्या लिलावातून नुसता सांगाडा आणला होता. दोन्ही मुलांना हाताशी घेऊन दीड वर्ष खपले, तेव्हा कुठे ती चार चाकांवर उभी राहिली. आणि उभी राहिली ती अशी, की जिथे बैल थबकतात तिथे ही चढायची. शेवटच्या आजारपणात त्यांनी वाटणी केली तीही दोन वाक्यांत. धाकट्याला म्हणाले, गॅरेज तुझं. थोरल्याला म्हणाले, तू जमिनी मोजत रानोमाळ हिंडणार, तुला गाडी. आणि मग दोघांना मिळून म्हणाले, ह्याने चालवायची, त्याने सांभाळायची.

"भंगारवाल्याला देऊन टाकू," धाकटा एकदम म्हणाला. "मी आजच बोलतो त्याच्याशी. तुम्ही कशाला त्रास घेता, वहिनी?"

वहिनीने वळून बघितलं. "चालती गाडी भंगारात?"

"जुनी झाली. सुटे भाग मिळत नाहीत."

"तुम्हालाही विकायची नाहीये का, भावजी? तसं असेल तर तसं सांगा."

"विकायची आहे," धाकटा म्हणाला, "पण कुणी चालवायला नको."

त्याच्या या बोलण्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावला. आईने पदर डोळ्यांना लावला. ताई तेवढ्यात दारातून आत येत होती. दोन गल्ल्या पलीकडचं शिवणाचं दुकान बंद ठेवून आली होती, म्हणजे तिला बातमी आधीच लागली होती. ती आईच्या शेजारी टेकली आणि ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात म्हणाली, "आज गाडी, उद्या कपाट, परवा पोरीला घेऊन ही निघेल. बघ तू."

वहिनीच्या हातातलं भांडं भांड्याला लागलं तेवढंच.

या घरात वहिनी काही बोलत नसे, कारण तिने बोलायचा हक्क गमावला होता असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तीही तसंच धरून चालली होती. दादा गेला त्या दिवशी सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याची बदली मोठ्या शहरात होत होती; तिला जायचं होतं, त्याला आईला सोडवत नव्हतं. भिंती पातळ, सगळ्यांनी सगळं ऐकलं. दादा न जेवता निघून गेला आणि दुपारी, धरणाच्या वरच्या अंगाला, वाटेतली फांदी बाजूला करायला म्हणून चढावर गाडी उभी करून उतरला. फांदी ओढून तो गाडीच्या मागच्या बाजूला टाकायला गेला. गाडी मागे आली. दादाच्या पाठीशी दरड होती.

पोलिसांच्या कागदात एकच ओळ होती: चालकाने हँडब्रेक न ओढल्यामुळे. दादाच्या कचेरीनेही तीच ओळ उतरवून घेतली. आईने त्या ओळीला आपली एक ओळ जोडली, आणि ती पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, भाजीवाल्यालासुद्धा सांगितली: "सकाळी सकाळी डोकं फिरवून पाठवलं. मन ठिकाणावर असतं तर हात ब्रेकवर गेला नसता का?"

अकरा महिने धाकटा हे समोर बसून ऐकत होता. आणि हे खोटं आहे हे जगात फक्त त्यालाच ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाई बरोबर अकराला आली. पन्नाशीची, केस कापलेले, बोटांवर औषधाचे पिवळे डाग. खुर्ची दिली तर बसली नाही. सरळ ताडपत्रीशी गेली, गाठ सोडली आणि बाही वर सारून गाडीखाली आडवी झाली. खालूनच तिचा आवाज आला, "सांगाडा छान आहे. गंज नाही. मागचा दरवाजा चेपलाय तेवढा."

"तिथेच..." वहिनी म्हणाली आणि थांबली.

डॉक्टरीणबाई बाहेर आली, कपडे झटकले. "मला फोनवर सांगितलंत तुम्ही. मला त्याचं काही नाही. माझी गाडी बंद पडलीय आणि शुक्रवारी वर जायचंय, तिथे जनावरांत साथ आहे. गायीचं एक बरं असतं, दुखलं की लाथ मारून सांगते. गाडी गप्प बसते. म्हणून जरा निरखून बघते, राग मानू नका."

"दोन दिवस द्या मला," धाकटा म्हणाला. "सगळी खोलून बघतो, मग न्या."

"का? काही खराब आहे?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. हो म्हणायला एवढं एकच दार होतं, आणि त्या दारात आई उभी होती.

"नाही," तो म्हणाला. "उभी होती ना इतके दिवस. म्हणून."

"मग चालवूनच बघू." तिने किल्लीसाठी हात पुढे केला. "मागच्या चढावर घेते. तुम्ही बसा हो माझ्या शेजारी," ती वहिनीला म्हणाली. "मालकीणबाई बरोबर असल्या की गाडी शहाण्यासारखी वागते."

वहिनी हसली नाही, पण बसली. धाकटा म्हणाला, मी चालवतो. डॉक्टरीणबाई म्हणाली, घेणार मी, तर चालवणारही मीच. गॅरेजातली नवीन बॅटरी लावल्याबरोबर इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं, वडिलांनी बांधलेलं इंजिन होतं ते. गाडी घरामागच्या खडीच्या चढाला लागली आणि धाकटा तिच्या मागून चालत निघाला. आई आणि ताई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

त्याला काय होणार ते माहीत होतं असं नाही. पण काय होऊ शकतं ते माहीत होतं.

मोठ्या गियरच्या शेजारी या गाडीला एक लहान दांडी होती. ती एका टोकाला ढकलली की चारही चाकांना ताकद मिळायची आणि गाडी भिंत चढावी तशी चढायची. दादा जायच्या पंधरा दिवस आधी गाडी घेऊन गॅरेजात आला होता. म्हणाला, "अरे, ही दांडी आपोआप सटकते. मधेच येऊन बसते." धाकट्याने हलवून बघितली. आतली स्प्रिंग ढिली झाली होती, खाच झिजली होती. उघडायचं म्हणजे दिवस मोडणार, आणि दारात पाच गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या. "भाग मागवावा लागेल," तो म्हणाला होता. "चालव तोवर. महिनाभर काही होत नाही." दादाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गेला. मेकॅनिक भावाचा शब्द, त्यावर कोण कशाला शंका घेईल?

भाग त्याने मागवलाच नाही. विसरला नव्हता. आज मागवू, उद्या मागवू, असं करत राहिला.

चढाच्या मध्यावर गाडी थांबली. डॉक्टरीणबाईने खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं, "उभी राहते का ते बघते हं." हँडब्रेक ओढल्याची करकर खालपर्यंत ऐकू आली. इंजिन बंद झालं. गाडी उभी राहिली, छान उभी राहिली. पण थांबताना बसलेल्या धक्क्याने मागचा चेपलेला दरवाजा उघडून लोंबायला लागला, आणि तो लावायला म्हणून वहिनी उतरली आणि मागे आली.

धाकटा चार-पाच पावलं खाली होता. वहिनीचा एक हात दरवाजावर, पाठ त्याच्याकडे.

टक्, असा बारीक आवाज झाला. काडी मोडावी तेवढाच.

"वहिनी, बाजूला!"

ती बाजूला झाली नाही. माणूस अशा वेळी होत नाही. तिने वळून त्याच्याकडे बघितलं. तो कसा धावला ते त्याला नंतर आठवेना. त्याने तिचा दंड धरून तिला झटक्यात ओढलं आणि दोघंही खडीवर आपटले. गाडी त्यांच्या पायांजवळून पाच-सहा फूट मागे गेली, मग डॉक्टरीणबाईने पायाचा ब्रेक दाबला आणि ती गचका खाऊन थांबली.

धाकट्याने उठून चाकाखाली दगड लावला.

मग डॉक्टरीणबाईने ब्रेकवरचा पाय काढला आणि ती उतरली. "हँडब्रेक पूर्ण ओढलेला आहे," ती म्हणाली. "गियर टाकलेला आहे. या, बघा तुम्ही स्वतः. ही लहान दांडी आपोआप मधे आली. ती मधे आली की इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच सुटतो, मग गियर टाकला काय आणि न टाकला काय. नुसता हँडब्रेक हिला या चढावर धरत नाही." मग ती धाकट्याकडे वळली. "पण तुम्ही गाडी हलायच्या आधी ओरडलात. तुम्हाला कसं कळलं?"

त्याच्या कोपरातून रक्त येत होतं, ते तो बघत बसला.

वहिनी उठून गाडीशी गेली. तळहात सोलवटले होते, खडीचे कण रुतले होते, तिचं लक्षच नव्हतं. तिने आत वाकून वर ओढलेल्या हँडब्रेककडे बघितलं. मग त्या लहान दांडीकडे. मग पुन्हा ब्रेककडे. ती वळली तेव्हा तिचा चेहरा धाकट्याला ओळखू येईना.

"भावजी," ती म्हणाली. "त्या दिवशी हँडब्रेक कसा होता?"

आई आणि ताई चढावरून धापा टाकत येत होत्या. धाकटा खोटं बोलू शकला असता. इतके महिने बोललाच होता, आणखी एकदा काय.

"वर होता," तो म्हणाला. "पूर्ण वर होता, वहिनी."

"कुणी बघितला?"

"मी. दादाबरोबर कचेरीतला एक माणूस होता, तो मला फोन करून मदत आणायला रस्त्याकडे पळाला होता. तिथे पोचलो तेव्हा मी एकटाच होतो. दादा गाडी आणि दरड यांच्या मधे..." त्याने श्वास घेतला. "गाडी पुढे घ्यायची तर ब्रेक सोडायला हवा होता. मीच खाली केला. दांडी मधे आलेली होती, तीही मीच टाकली. गाडी पुढे घेतली. दादा तोवर गेला होता."

"आणि पोलिसांना काय सांगितलंत?"

"साहेबांनी विचारलं, तुम्ही आलात तेव्हा ब्रेक कसा होता. मी म्हटलं, खालीच होता."

"का?"

त्याने स्प्रिंगचं सांगितलं, पंधरा दिवसांचं सांगितलं, महिनाभर काही होत नाही म्हटलं होतं तेही सांगितलं. सांगताना वाक्यं लहान लहान होत गेली. शेवटी तो म्हणाला, "मला वाटलं, दादा तर गेलाच. त्याला आता काय फरक पडतो."

"त्यांना नसेल पडला," वहिनी म्हणाली.

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती हिशेब लागत नसल्यासारखी एकेक शब्द ठेवत बोलत होती. "मी रोज झोपताना ते भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवायचे. कुठे गप्प बसले असते तर ते ब्रेक विसरले नसते, ते शोधायचे. रोज. आई जेवताना बोलायच्या आणि तुम्ही समोर बसून माझ्या हातचं जेवत होतात."

"बास!" आई पोचली होती. तिने आधी धाकट्याचं कोपर बघितलं, मग डॉक्टरीणबाईकडे वळली. "बाई, तुम्ही परक्या. तुम्ही काही ऐकलं नाही. पोर घाबरलंय, काहीही बोलतंय. गाडी विकायची नाही आम्हाला."

"आई, तो खरं बोलतोय," ताई म्हणाली.

"खरं असलं तरी घरातलं घरात राहू दे!" आई वहिनीकडे गेली, आणि जिने इतके दिवस तिच्याकडे धड बघितलं नव्हतं तिने तिचे सोलवटलेले हात हातात घेतले. "एक गेला ग. आता दुसऱ्याला बेड्या घालायला निघालीस का? मी बोलले ते चुकलं माझं. पाया पडते. पण हे इथेच गाडून टाक."

वहिनीने हात हळूच सोडवून घेतले. "कालपर्यंत तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला होता, आई. तेव्हा ते घरात ठेवावंसं नाही वाटलं तुम्हाला."

आई खडीवरच बसली.

सगळ्यांना वाटलं ताई तिच्याजवळ जाईल. जन्मभर ती तिथेच असायची. पण ताईने आपल्या ओढणीचं टोक दातांनी फाडलं, वहिनीचा तळहात पुसला आणि बांधायला सुरुवात केली. "मीही बोलले," ती मान वर न करता म्हणाली. "मापं घेता घेता सांगायचे दुकानातल्या बायकांना. आज सकाळीसुद्धा बोलले." वहिनीने हात काढून घेतला नाही.

मग सगळे खाली आले. ओट्यावर बसून धाकट्याने जबाब लिहिला, एका कागदावर, दोन्ही बाजूंनी. जिथे तो अडायचा तिथे वहिनी वाट बघायची. खाली साक्षीदार म्हणून डॉक्टरीणबाईने सही केली.

"गाडी मी घेईन," सही करून ती वहिनीला म्हणाली. "पण काम दुसऱ्या मेकॅनिककडून करून घेऊन."

धाकट्याने मान खाली घातली. पंचवीस वर्षं गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते शब्द लागायचे तिथेच लागले.

"आत्ता नाही देता येणार," वहिनी म्हणाली. "साहेबांना दांडी दाखवायचीय. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. तुम्हाला शुक्रवारी अडचण होईल."

"बघते मी माझं. चला, मी सोडते तुम्हाला चौकीत, दारात रिक्षा उभी आहे माझी."

निघताना वहिनी धाकट्यासमोर थांबली. "मी पुढे होते. तुम्ही चार वाजता या, पोरगी शाळेतून आली की. येताना तिला सांगून या. बाबा ब्रेक लावायला विसरले, हे तिला तुम्हीच सांगितलं होतं. आता हेही तुम्हीच सांगा."

ताईही तिच्याबरोबर गेली.

दुपारभर आई त्याच्या मागे लागली होती. आधी रागाने, मग गयावया करत. वकील बघू. म्हणावं डोक्याला मार लागला, बडबडलो. पोरगी लहान आहे, तिला काय कळतं. "मला तूच उरलास रे," ती म्हणाली, आणि धाकट्याला वाटलं, हेच ऐकायला नको म्हणून तर आपण इतके दिवस गप्प बसलो नव्हतो ना? की हेच ऐकायला मिळावं म्हणून? त्याला ठरवता येईना. तो उठून फाटकाशी जाऊन उभा राहिला.

चारला पोरगी आली. दहा वर्षांची, चालताना पायाने दगड ढकलायची सवय. काका या वेळी घरी बघून ती थबकली. मग अंगणातली मोकळी जागा, मागे चढावर उभी गाडी, तिने सगळं बघितलं.

तो गुडघ्यावर बसला आणि त्याने सांगितलं. वळसे घेतले नाहीत. बाबा विसरले नव्हते. ब्रेक पूर्ण ओढलेला होता. गाडी खराब होती, आणि ती खराब आहे हे मला माहीत होतं. मी तुझ्याशी खोटं बोललो, आईशीही.

तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "नक्की वर होता?"

"नक्की. मी माझ्या हाताने सोडला."

"म्हणजे घाईत विसरले नव्हते."

"कसल्या घाईत?"

पोरगी बुटाच्या टोकाकडे बघत राहिली. "त्या दिवशी आमच्या शाळेत कार्यक्रम होता. मी बाबांना म्हटलं होतं, पाचच्या आत नाही आलात तर मी तुमच्याशी कधीच बोलणार नाही." ती थांबली. "मग मला वाटलं, लवकर यायचं म्हणून ते विसरले."

धाकट्याने विचारलं, "हे कुणाला सांगितलं होतंस?"

तिने मान हलवली. कुणालाच नाही.

वहिनीसारखं हिनेही स्वतःला दोषी धरलं असेल, हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं. रोज त्याच ताटांच्या रांगेत, आईच्या शेजारी बसून, हीसुद्धा गप्प जेवत होती.

"आईला सांगू आता?" तिने विचारलं.

"सांग. तिच्याकडेच जायचंय आपल्याला."

तो उठला आणि त्याने हात पुढे केला. तिने त्या हाताकडे बघितलं, रागाने नाही, नुसतंच. मग पाठीवरचं दप्तर सावरलं आणि ती त्याच्या पुढे चालायला लागली. चौकीचा रस्ता तिला माहीत नव्हता. वळण आलं की ती थांबायची, मागे न बघता विचारायची, "कुठे?" आणि तो मागून सांगायचा, डावीकडे. आता सरळ.